पत्त्याची पारख

पत्ता ही वस्तु दिसावयास लहान, पण मोठ्या जबाबदारीची आहे. ती कागदावर चार ओळींत मावते. परंतु त्या चार ओळींच्या आधारावर परगांवीं शिकणाऱ्या मुलाचें पत्र आईच्या हातीं पडतें, न्यायालयाची नोटीस प्रतिवादीच्या दारीं येते आणि नोकरीचा हुकूम उमेदवारास मिळतो. पत्ता चुकला म्हणजे तीन गोष्टींपैकीं एक घडते. पत्र परत येतें. किंवा तें भलत्याच्या हातीं पडतें. किंवा तें मध्येंच कोठेंतरी नाहीसें होतें आणि तें नाहीसें झाल्याचें कोणासच कळत नाहीं. पहिली गोष्ट त्रासाची, दुसरी धोक्याची. पण तिसरी सर्वांत वाईट, कारण तींत पाठविणारा वाट पाहत राहतो आणि ज्याला मिळावयाचें तोहि वाट पाहत राहतो. आजच्या भाषणाचा विषय पत्त्याची पारख हा आहे. माणसांनीं लिहिलेल्या पत्त्याची तर आहेच, परंतु विशेषतः एका यंत्रानें दुसऱ्या यंत्रास ओळखण्यासाठीं जो पत्ता वापरला जातो त्याची.

प्रथम ओळखीच्या मुलुखांतून निघालेलें बरें. वऱ्हाडांत अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नांदगांव खंडेश्वर हें तालुक्याचें गांव आहे. खंडेश्वराच्या प्राचीन हेमाडपंती देवळावरून त्याला हें दुसरें नांव मिळालें. तें केवळ भक्तीचें नव्हे, उपयोगाचेंहि आहे. कारण नांदगांव या नांवाचीं गांवें एक नव्हे, अनेक आहेत. नाशिक जिल्ह्यांत रेल्वेच्या मार्गावरचें नांदगांव आहे. खुद्द अमरावती जिल्ह्यांत, अमरावती शहराच्या अगदीं जवळ, नांदगांव पेठ आहे. पूर्वेकडे छत्तीसगडांत राजनांदगांव आहे. पाकिटावर नुसतें 'नांदगांव' लिहून पत्र पेटींत टाकणारा मनुष्य टपालखात्यावर एक कोडें घालीत असतो. त्यांतून भारतासारख्या देशांत एकानें पत्ता मराठींत लिहावा, दुसऱ्यानें बंगालींत, तिसऱ्यानें तमिळमध्यें. मग वर्गवारी करणाऱ्या कारकुनानें काय करावें?

या कोड्याचें उत्तर एका मराठी माणसानें दिलें. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल व तार खात्याच्या मंडळाचे वरिष्ठ सभासद, आणि त्याबरोबरच संस्कृतांत काव्यें व नाटकें लिहिणारे पंडित. त्यांच्या योजनेप्रमाणें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकड्यांचा पिन कोड देशांत सुरू झाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिला आंकडा देशाचा मोठा विभाग सांगतो, दुसरा त्यांतला उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आंकडे पत्र घरोघर वांटणारें टपालघर. नांदगांव खंडेश्वरचा पिन ४४४७०८ आहे आणि नाशिककडच्या नांदगांवचा ४२३१०६. पहिला आंकडा दोन्हीकडे चारच आहे, कारण दोन्ही गांवें महाराष्ट्राच्या बाजूच्या विभागांतलीं. परंतु दुसऱ्या आंकड्यापाशीं वाट फुटते आणि पत्र वऱ्हाडाकडे वळतें. अकोल्याचा ४४४००१ आणि अमरावतीचा ४४४६०१ हे पिन शेजारीं मांडले म्हणजे ४४४ या तीन आंकड्यांत वऱ्हाडाचा बराचसा भाग कसा डोकावतो हें दिसून येतें.

आतां प्रश्न असा, कीं पिन खरा कीं खोटा हें नुसतें पाहून ओळखतां येतें काय? थोडें येतें, पुष्कळसें येत नाहीं. पिनची सुरुवात शून्यानें कधींच होत नाहीं. म्हणून ०४४७०८ असें कोणी लिहिलें तर तें चुकीचें हें पाहतांच सांगतां येतें. पांच आंकडे लिहिले तर तेंहि कळतें. पण ४४४७०८ च्या जागीं कोणी ४४४७०६ लिहिलें, तर केवळ रूपावरून चूक ओळखूं येणार नाहीं. आधारच्या बारा आंकड्यांत शेवटचा आंकडा आधीच्या अकरांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळें लिहितांना एखादा आंकडा चुकला तर गणित जुळत नाहीं आणि चूक उघडी पडते. पिनमध्यें असा पहारेकरी आंकडा नाहीं. म्हणजे पत्त्याची परीक्षा दोन प्रकारची असते. पत्त्याचें रूप बरोबर आहे काय, ही एक. आणि त्या पत्त्यावर खरोखर तोच माणूस राहतो काय, ही दुसरी. पहिली दारावरचा पहारेकरी करूं शकतो. दुसरी गांवांत फिरणारा पोस्टमनच करूं शकतो. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा; पुढचें सारें विवेचन त्यावर उभें आहे.

आतां संगणकाकडे वळूं. घरांतला संगणक, कचेरींतला संगणक, खिशांतला फोन, हीं सर्व यंत्रें एकमेकांशीं बोलतात तीं नेटवर्क कार्ड या लहानशा भागाच्या द्वारें. या कार्डाला जन्मतः एक पत्ता दिलेला असतो. तो ४८ बिटांचा, म्हणजे ४८ वेळां शून्य किंवा एक यांची निवड करून तयार झालेला असतो. आठ बिटांचा एक बाइट धरला तर हे सहा बाइट होतात. लिहिण्याच्या सोयीसाठीं प्रत्येक बाइट दोन चिन्हांनीं दाखवितात. शून्यापासून नवापर्यंत नेहमींचे आंकडे, आणि दहापासून पंधरापर्यंत ए, बी, सी, डी, ई, एफ हीं अक्षरें. अशा रीतीनें सहा जोड्या, म्हणजे बारा चिन्हें, हा कार्डाचा पत्ता.

हा पत्ता ४८ बिटांचाच कां, यामागेंहि इतिहास आहे, आणि त्यांत मुंबईचा संबंध आहे. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत १९७३ सालीं इथरनेटची कल्पना मांडली गेली. त्या प्रायोगिक जाळ्यांत यंत्राचा पत्ता अवघा आठ बिटांचा होता. म्हणजे २५६ पत्त्यांपलीकडे मजल नव्हती. एका इमारतीपुरतें तें ठीक होतें. एखाद्या वाड्यांत बिऱ्हाडांना नंबर देण्यासारखें. पण बिऱ्हाड एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत गेलें तर नवा नंबर घ्यावा लागावा, आणि दोन वाडे जोडले तर एकाच नंबरचीं दोन बिऱ्हाडें निघावीं, अशी ती स्थिति. १९८१ सालीं योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनीं ४८ बिटांच्या पत्त्याविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं यंत्राला साऱ्या जगांत एकमेव असा पत्ता जन्मतःच द्यावा, म्हणजे तें कोणत्याहि जाळ्यांत नेलें तरी त्याची ओळख बदलणार नाहीं. हे योगेन दलाल पवईच्या आय. आय. टी. मधून १९७२ सालीं पदवीधर झाले होते. ज्या वर्षीं वेलणकरांचा पिन सुरू झाला, त्याच वर्षीं जगांतल्या यंत्रांच्या पत्त्याचा एक शिल्पकार मुंबईहून शिकून बाहेर पडला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

४८ बिटांत सुमारें २८१ लक्ष कोटि निरनिराळे पत्ते बसतात. त्यांतला पहिला अर्धा भाग, म्हणजे तीन बाइट, कार्ड बनविणाऱ्या कंपनीला एक जागतिक संस्था नेमून देते. उरलेले तीन बाइट कंपनीनें आपल्या कार्डांस क्रमानें वांटावयाचे. पिनमध्यें आधीं विभाग आणि मग टपालघर, तशीच ही मांडणी. मात्र पिन जागा सांगतो आणि हा पत्ता जागा सांगत नाहीं, तो केवळ व्यक्ति सांगतो. नांदगांव खंडेश्वरचें कार्ड उद्यां मुंबईस नेलें तरी त्याचा पत्ता तोच राहतो.

या पत्त्यांत दोन बिट विशेष अर्थाचे आहेत. पहिल्या बाइटांतला सर्वांत हलका बिट तारेवर सर्वांच्या आधीं निघतो. तो शून्य असेल तर पत्ता एका व्यक्तीचा. तो एक असेल तर पत्ता समूहाचा. पाकीट हातीं येतांच पोस्टमनला पहिल्याच अक्षरावरून कळावें, कीं हें एका घराचें पत्र आहे कीं साऱ्या आळीचें, अशी ही सोय आहे. ४८ च्या ४८ बिट एक असतील, म्हणजे सहाही बाइट 'एफएफ' असतील, तर ती दवंडी. ती जाळ्यांतल्या प्रत्येकानें ऐकावयाची. दुसरा बिट सांगतो, कीं हा पत्ता जागतिक संस्थेच्या क्रमानें आलेला आहे कीं स्थानिक रीतीनें कोणी ठरविलेला आहे.

यावरून एक सोपा नियम निघतो. समूहाचा पत्ता पत्र घेण्यासाठीं असतो, पत्राखालीं सही करण्यासाठीं नव्हे. 'पाठविणार : सारा गांव' अशी सही कोणी केली तर तिला अर्थ नाहीं. म्हणून कार्डाचा स्वतःचा पत्ता समूहाचा असूं नये. तसाच तो निव्वळ शून्यांचाहि असूं नये, कारण तो पत्ता कोणाचाच नाहीं. समूहाचा नको आणि शून्यांचा नको, एवढीच परीक्षा लिनक्स या प्रणालींत नेटवर्क कार्डाच्या पत्त्यासाठीं ठेवलेली आहे. दवंडीचा पत्ता वेगळा तपासावा लागत नाहीं. तो समूहाच्या पत्त्यांतच मोडतो.

परीक्षा इतकी सोपी, तर मग चूक कोठें होते? ही परीक्षा घेण्याचें काम ज्याच्याकडे असतें त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि संगणकाची मुख्य प्रणाली यांच्यामधला दुभाषी, एक आज्ञावलि. संगणक सुरू झाला म्हणजे ड्रायव्हर कार्डावरच्या एका लहान चिपमधून पत्ता वाचतो, आणि 'हें कार्ड अमुक पत्त्याचें' असें मुख्य प्रणालीस कळवितो. शाळेंत नवा विद्यार्थी आला म्हणजे कारकून त्याचा जन्मदाखला पाहून पटांत नांव घालतो, तसें हें आहे. दाखला कोरा निघाला, फाटका निघाला, उलटा धरला गेला, किंवा कारकुनानें तो पाहिलाच नाहीं, तर पटांत काय पडेल हें निराळें सांगावयास नको.

कोऱ्या दाखल्याचें उदाहरण आधीं घेऊं. कार्डाच्या चिपमध्यें कारखान्यांत पत्ता लिहावयाचा राहून गेला तर ती चिप कोरी राहते. अशा चिपमधल्या कोऱ्या जागेचा स्वभाव असा, कीं ती वाचली असतां सगळे बिट एक दिसतात. म्हणजे कोऱ्या कार्डाचा पत्ता म्हणून नेमकी दवंडी वाचली जाते. कार्ड जागें झालेलें नसतां, त्याचें उत्तर येण्यापूर्वींच ड्रायव्हरनें वाचलें, तरीहि पुष्कळदां असेच सगळे एक हातीं लागतात. उलट, संगणकाच्या स्मृतींतली पुसून ठेवलेली जागा वाचली तर सगळीं शून्यें मिळतात. वर सांगितलेल्या छोट्या परीक्षेंत हींच दोन रूपें अडतात. ज्या ठिकाणीं यंत्रें नेहमीं चुकतात, त्याच ठिकाणीं दोन चौक्या बसविलेल्या आहेत.

आतां दोषांकडे येऊं. पहिला दोष म्हणजे परीक्षाच न घेणें. कार्डाचा पत्ता जन्मतः येतो हें खरें. परंतु संगणकाच्या मालकाला तो बदलण्याचीहि मुभा असते. पुष्कळ ड्रायव्हरांत जन्माच्या वेळीं परीक्षा होती, पण मालकानें नवा पत्ता दिला तर तो न पाहतांच उतरवून घेतला जाई. पुढच्या दारावर पहारेकरी आणि मागचें दार उघडें, अशी ती गत. २०१२ सालीं लिनक्समधील अशा अनेक ड्रायव्हरांची दुरुस्ती एका मालिकेनें करण्यांत आली. दुरुस्ती दोन ओळींची होती. दिलेला पत्ता तपासावा. तो अयोग्य असेल तर 'मागितलेला पत्ता देतां येत नाहीं' असें उत्तर द्यावें आणि जुना पत्ता तसाच ठेवावा. दुरुस्ती दोन ओळींची असली तरी ती ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरांत जाऊन करावी लागली, कारण प्रत्येकानें मागचें दार आपापल्या हातानें बांधलेलें होतें.

दुसरा दोष म्हणजे परीक्षा चुकीच्या वेळीं किंवा चुकीच्या प्रतीवर घेणें. चिप वाचण्यापूर्वीं परीक्षा घेतली तर कोरा कागद नापास होतो आणि चांगलें कार्ड नाकारलें जातें. चिपमधल्या प्रतीवर परीक्षा घेतली आणि पटांत दुसरीच प्रत उतरविली, तर परीक्षा पास होऊनहि खोटा पत्ता आंत जातो. हा दोष शोधण्यास अवघड, कारण आज्ञावलि वाचणारा म्हणतो, 'परीक्षेची ओळ तर येथें आहे!' ओळ आहे हें खरें. पण ती कोणास प्रश्न विचारते आहे हें पाहावयाचें राहून जातें.

तिसरा दोष उलट्या क्रमाचा. 'फोर्सडेथ' या नांवाचा लिनक्समधला एक ड्रायव्हर आहे. तो ज्या कार्डांसाठीं लिहिला गेला, त्यांतल्या जुन्या कार्डांत पत्ता उलट्या क्रमानें ठेवलेला असे. पहिला बाइट शेवटीं आणि शेवटचा पहिला. ड्रायव्हर तो वाचून सुलटा करी आणि कार्डांत सुलटा लिही. येथवर ठीक, पण ड्रायव्हर एकदां काढून पुन्हां बसविला, तर दुसऱ्या खेपेस तो सुलटा झालेला पत्ता पुन्हां उलटा करणार! यासाठीं त्या ड्रायव्हरांत अशी व्यवस्था करण्यांत आली, कीं जातांना त्यानें पत्ता मूळच्या उलट्या रूपांत परत लिहून ठेवावा, नाहीं तर मागून येणाऱ्यास चुकीचा पत्ता दिसेल. भाड्याच्या घरांतून निघतांना सामान जसें सांपडलें तसेंच मांडून जाणाऱ्या सज्जन बिऱ्हाडकरूची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं.

याच ड्रायव्हरांत आणखी एक बोधप्रद टीप आहे. कांहीं संगणकांत कार्डाचा पत्ता '०१-२३-४५-६७-८९-एबी' असा निघतो, हें लिहिणाऱ्यांच्या ध्यानांत आलें. हा पत्ता नव्हे, ही उजळणी आहे. कोणीतरी नमुना म्हणून लिहिला आणि खरा लिहावयाचें राहून गेलें. तो परीक्षेंत सांपडला, कारण पहिला बाइट ०१ हा विषम आहे, म्हणजे समूहाचा. पण विचार करा, त्या माणसानें उजळणी ०१ ऐवजीं ०० पासून सुरू केली असती तर? '००-२३-४५-६७-८९-एबी' हा पत्ता समूहाचा नाहीं आणि शून्यांचाहि नाहीं. तो परीक्षा उत्तम रीतीनें पास झाला असता, आणि त्या जातीचे सगळे संगणक एकाच पत्त्यानें जगांत वावरले असते. रूपाची परीक्षा आणि सत्याची परीक्षा यांतलें अंतर येथें उघड होतें. कार्डाच्या पत्त्यांतहि पिनप्रमाणेंच पहारेकरी आंकडा नाहीं. एकाच पत्त्याचीं अनेक कार्डें बाजारांत येण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि तीं वेगवेगळ्या गांवीं असेपर्यंत कोणास कळतहि नाहीं. तीं एका जाळ्यांत आलीं म्हणजे मात्र मधलें जोडणीचें यंत्र गोंधळतें. कोणत्या तारेवर कोणता पत्ता आहे हें तें पाठविणाऱ्याच्या सहीवरून शिकत असतें; दोघे एकच सही करूं लागले म्हणजे पत्रें कधीं याच्याकडे, कधीं त्याच्याकडे जातात.

चौथा दोष याच्या अगदीं उलट, म्हणजे परीक्षा वाजवीपेक्षां कडक करणें. एखादा लेखक म्हणतो, कीं जागतिक संस्थेनें न दिलेला कोणताहि पत्ता मी घेणार नाहीं. ऐकावयास हें शिस्तीचें वाटतें. पण स्थानिक पत्ता हा नियमानें मान्य केलेलाच प्रकार आहे. ॲंड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, पुष्कळ फोन वाय-फायवर आपला जन्माचा पत्ता न सांगतां यादृच्छिक स्थानिक पत्ता सांगतात. ॲपलच्या फोनांत ही रीत २०२० पासून आली. फोन बाळगणाऱ्याचा माग कोणी दुकानोदुकानीं काढूं नये, हा त्यांतला हेतु. श्रोत्यांनीं आपल्या फोनच्या वाय-फायच्या माहितींत हा पत्ता पाहावा. त्याचें दुसरें चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो स्थानिक पत्ता समजावा. असे पत्ते नाकारणारा ड्रायव्हर शिस्त पाळीत नसून, भाडेकरूंस गांवकरी न समजणाऱ्या पाटलासारखा वागत असतो.

परीक्षेंत पत्ता नापास झाला तर पुढें काय करावें, हाहि महत्त्वाचा प्रश्न आहे. कार्डच बंद ठेवावें, हा एक मार्ग. परंतु पत्ता नाहीं म्हणून सबंध संगणक जगापासून तोडणें ही शिक्षा फार मोठी. म्हणून दुसरा मार्ग प्रचारांत आला. ड्रायव्हरनें स्वतः यादृच्छिक पत्ता तयार करावा. त्यांत समूहाचा बिट शून्य आणि स्थानिकाचा बिट एक ठेवावा. उरलेल्या ४६ बिटांत सुमारें ७० लक्ष कोटि पर्याय असल्यानें दोघांस तोच पत्ता मिळण्याची भीति जवळजवळ नाहीं. मात्र हा पत्ता यादृच्छिक आहे अशी खूण पटावर केली पाहिजे; तात्पुरता दाखला कायमचा म्हणून खपवूं नये. कित्येक ड्रायव्हर ही खूण करीतच नसत, आणि कित्येकांत मालकानें नंतर योग्य पत्ता दिला तरी जुनी खूण पुसली जात नसे. खूण नसणें आणि खूण न पुसणें या दोन्ही गोष्टी सारख्याच फसव्या. त्यांचीहि दुरुस्ती २०१२ च्या त्याच सुमारास झाली.

याहून मूलगामी सुधारणा २०२२ सालीं आली. तोंपर्यंत कोणताहि ड्रायव्हर पटावरच्या पत्त्याच्या जागेंत थेट लिहूं शकत असे. लिनक्सच्या ५.१७ या आवृत्तीपासून ती जागा ड्रायव्हरांसाठीं केवळ वाचण्यापुरती करण्यांत आली. लिहावयाचें असेल तर नेमून दिलेल्या मार्गानेंच लिहावें लागतें. त्यासाठीं आधीं शेंकडों ठिकाणीं जुन्या आज्ञा बदलाव्या लागल्या. पट कपाटांत ठेवावा, किल्ली एकाकडे असावी आणि ज्याला नोंद करावयाची त्यानें त्याच्याकडे जावें, ही रीत शाळांतून फार जुनी आहे. तिचा लाभ असा, कीं नोंद कोठून झाली हें शोधावयास दहा हात धुंडाळावे लागत नाहींत.

इतक्या बारीक गोष्टीची एवढी चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. तर एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. नांदगांव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गांवीं कचेरींत सातबाराच्या उताऱ्यासाठीं किंवा बँकेंत पीककर्जासाठीं शेतकरी येतो. कपाशीच्या वेंचणीचे दिवस. एक दिवस म्हणजे एक मजुरी आणि येण्याजाण्याचें भाडें. खिडकीपलीकडून उत्तर येतें, 'लिंक नाहीं.' हे दोन शब्द महाराष्ट्रांत किती तोंडांनीं किती वेळां ऐकले असतील! लिंक जाण्याचीं कारणें पुष्कळ. वीज, तार, खोदलेला रस्ता. पण समजा, त्या दिवशीं वीज आहे, तार धड आहे, कार्डावरचा हिरवा दिवाहि लुकलुकतो आहे. आणि कार्डानें मात्र समूहाचा पत्ता स्वतःचा म्हणून धारण केलेला आहे. मधलें जोडणीचें यंत्र अशा सहीचें प्रत्येक पत्र पाहतें आणि टाकून देतें. तें पत्र परत करीत नाहीं, कोणास कांहीं सांगत नाहीं. कारकून तार हलवून पाहतो, संगणक बंद करून सुरू करतो, तज्ज्ञाला निरोप धाडतो. दोष आहे एका बिटाचा; पण शेतकऱ्याचा दिवस गेला तो गेलाच, आणि कां गेला हें त्याला कोणीहि सांगूं शकत नाहीं.

भाषणाच्या आरंभीं पत्ता चुकल्याचे जे तीन परिणाम सांगितले, त्यांतला हा तिसरा, मुकाट्यानें नाहीसें होण्याचा. ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्यांच्या साऱ्या खटपटीचें मर्म हें, कीं तिसऱ्या प्रकारची चूक पहिल्या प्रकारांत आणावी. चुकीचा पत्ता आंत येऊन मागाहून मुकाट घात करण्यापेक्षां तो दारांतच अडवावा आणि कारण लिहून परत करावा. 'मागितलेला पत्ता देतां येत नाहीं' ही ओळ वाचून माणसाला राग येईल. पण त्याच ओळीमुळें कोठें पाहावयाचें हें त्याला तत्काळ कळतें. टपालखात्यांतहि न पोंचलेलें पत्र मुकाट्यानें फेंकून न देतां, 'पत्ता अपुरा' किंवा 'मालक सोडून गेला' असा शेरा मारून पाठविणाऱ्याकडे परत करण्याची रीत आहे. त्या शेऱ्यांत उपकार आहे.

परंतु दारावरच्या पहारेकऱ्याकडून त्याच्या शक्तीबाहेरची अपेक्षाहि धरूं नये. रूपाची परीक्षा खोट्याला अडवूं शकते. खऱ्याची ग्वाही देऊं शकत नाहीं. ४४४७०८ हा आंकडा बरोबर लिहिला, तरी त्या घरीं तें माणूस राहतें कीं नाहीं हें नांदगांव खंडेश्वरच्या पोस्टमनासच ठाऊक. कार्डाचा पत्ता परीक्षेंत उतरला, तरी तो एकमेव आहे कीं नाहीं हें कारखान्यांत तो लिहिणाऱ्या माणसाच्या दक्षतेवर राहतें. जेथें यंत्राची परीक्षा संपते, तेथें माणसाची नेकी सुरू व्हावी लागते. वेलणकरांनीं सहा आंकडे दिले, दलालांनीं सहा बाइट दिले. दोन्ही योजना ज्यांच्या भरंवशावर चालतात ते तो पत्ता नीट लिहिणारे, नीट वाचणारे आणि चुकला असतां मोकळेपणानें सांगणारे असंख्य अनाम लोक आहेत.